पाळी आली की मुलगी पाण्यात उतरत नाही: नेमकं अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

जवळजवळ प्रत्येक टँकवर ही अडचण सारखीच असते. बारा-तेरा वर्षांची, मन लावून पोहणारी मुलगी महिन्यातले चार-पाच दिवस दिसेनाशी होते. कधी सर्दीचं कारण असतं, कधी शाळेच्या प्रोजेक्टचं. कधी ती कॉश्च्यूम घालून येते आणि वरून ट्रॅकसूट चढवून पायऱ्यांवर बसून राहते. महिन्याला पाच दिवस म्हणजे वर्षाला साठ दिवस, दोन महिन्यांचा सराव गेला. मग चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचे टाइम सुधारायचे थांबतात आणि सगळे म्हणतात, "मुलींचं असंच, वयात आल्या की मागे पडतात." या वाक्याचा मला मनापासून राग येतो. त्या साठ दिवसांतले बरेचसे दिवस नुसत्या गैरसोयीमुळे आणि न बोलण्यामुळे जातात, आणि ते वाचवता येतात.

मी मुलींना शिकवते आणि स्पर्धांना टीम मॅनेजर म्हणून त्यांच्यासोबत जाते. आया, मुली आणि कोच मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिते आहे.

सुरुवात कारण शोधण्यापासून करा. "पाळी आहे" एवढ्यावर थांबू नका. तिला डाग पडायची भीती वाटते? पोट दुखतं? अंगात त्राण नसतं? की कुणीतरी "या दिवसांत नको" असं सांगितलंय? जिला डागाची भीती आहे तिला गोळी देऊन काही होणार नाही, आणि जिचं हिमोग्लोबिन नऊवर आलंय तिला टॅम्पॉन (योनीत ठेवायचा, रक्त शोषून घेणारा बोळा) शिकवून टाइम सुधारणार नाही.

"या दिवसांत पोहू नये म्हणतात"

पाळीत पोहू नये असं वैद्यकीय कारण नाही. पोहल्याने रक्तस्राव वाढत नाही, गर्भाशयात पाणी जात नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. पाण्याचं काय, हा प्रश्न टँकचे व्यवस्थापक विचारतात. तलावात योग्य प्रमाणात क्लोरीन असेल तर रक्तातले जंतू त्यात मरतात, आणि टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप (योनीत बसवायची, रक्त साठवणारी छोटी वाटी) वापरणाऱ्या मुलीचं रक्त पाण्यात येण्याचा प्रश्न फारसा उरतही नाही. तरी काही ठिकाणी कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर मनाईचा बोर्ड असतो. तिथे मुलीला वाद घालायला लावू नका. कोच आणि दोन पालकांनी व्यवस्थापकांना भेटून, लागलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांचं पत्र घेऊन बोलावं. हे मोठ्यांचं काम आहे.

रिओ ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०१६ मध्ये, चीनची फू युआनहुई १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये कांस्यपदक घेऊन काही दिवसांनी मेडले रिलेत उतरली. चीनचा संघ चौथा आला. कॅमेऱ्यासमोर तिने साधेपणाने सांगितलं की काल पाळी आली, त्यामुळे थकवा जाणवतोय, पण ही सबब नाही. पाळीत पोहता येतं हेच कित्येकांना तेव्हा नव्याने कळलं. तुमच्या गटातल्या मुलींना ही गोष्ट जरूर सांगा. मोठ्या खेळाडूने उघड बोललेलं ऐकलं की त्यांची निम्मी लाज तिथेच जाते.

"पॅड लावून उतरले तर?"

नको. पॅड पहिल्या मिनिटात टँकचं पाणी पितो, फुगतो, चिकटपट्टी सुटते, आणि मग रक्त शोषायला त्यात जागाच उरत नाही.

मग काय वापरायचं?

तीन पर्याय आहेत. टॅम्पॉन शरीराच्या आत बसतो, एकदा वापरून टाकायचा असतो, आणि पहिली पाळी आल्यापासून वापरता येतो. मेन्स्ट्रुअल कप सिलिकॉनचा असतो, धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतो आणि प्रवाहाप्रमाणे बारा तासांपर्यंत ठेवता येतो. पण तो शिकायला दोन-तीन पाळ्या जातात. तिसरा पर्याय म्हणजे पिरियड कॉश्च्यूम, ज्याच्या मधल्या भागात शोषून घेणारे थर शिवलेले असतात. तो शेवटच्या, कमी स्रावाच्या दिवसांना किंवा सरावात टॅम्पॉनच्या जोडीला आधार म्हणून चांगला. दुसऱ्या दिवशीचा जोराचा स्राव तो एकटा सांभाळत नाही.

नव्याने सुरुवात करणारीला मी टॅम्पॉन सुचवते, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी तिला हवा असेल तर कप. कप स्वस्त पडतो म्हणून आया आधी त्याच्याकडे वळतात. त्यांचा हिशेब बरोबर आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला पहिल्याच वेळी कप दिला, तो नीट उघडला नाही आणि भर टँकवर गळला, तर ती पुढचे सहा महिने कशालाच हात लावत नाही.

छोट्या गावातल्या मेडिकलमध्ये टॅम्पॉन मिळेलच असं नाही. ऑनलाइन मागवा, आणि पाळीच्या आधी घरात आणून ठेवा. सर्वांत कमी शोषण क्षमतेचा, 'लाइट' किंवा 'मिनी' लिहिलेला घ्या. आपल्याकडे मिळणारे बरेच टॅम्पॉन ॲप्लिकेटरशिवाय (आत सरकवायच्या नळीशिवाय), बोटाने आत सरकवायचे असतात. पहिल्यांदा ॲप्लिकेटरवाला मिळाला तर मुलीला सोपं जातं.

"टॅम्पॉन आत जातच नाही"

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार, म्हणून थेट मुलींशी बोलते.

पहिला प्रयत्न टँकवर करू नकोस. पाळीच्या दुसऱ्या दिवशी, स्राव जरा जास्त असताना, सुट्टीच्या दिवशी, घरच्या बाथरूममध्ये कर. स्राव कमी असला की आत कोरडं असतं आणि टॅम्पॉन घासतो, दुखतो. पाळी नसताना "बघू जमतं का" म्हणूनही घालू नकोस, त्याच कारणाने.

हात साबणाने धुऊन घे. एक पाय बादलीवर किंवा कमोडच्या कडेवर ठेव, नाहीतर उकिडवी बस. छोटा आरसा खाली धरून आधी पाहून घे. बहुतेक मुलींनी तो भाग कधी पाहिलेलाच नसतो, आणि लघवीची जागा वेगळी आणि योनीची वेगळी हेही त्यांना तेव्हाच समजतं. आता टॅम्पॉन सरळ वर ढकलू नकोस. आतली वाट कमरेच्या मागच्या बाजूला, माकडहाडाकडे कलती जाते. त्या दिशेने सरकव. "जात नाही" म्हणणाऱ्या बहुतेकींचा कोनच चुकलेला असतो. टोकाला पाण्यात विरघळणारं थोडं ल्युब्रिकंट लावलं तर मदत होते. व्हॅसलिन नको.

बोटाचं मधलं पेर आत जाईपर्यंत सरकव. दोरा बाहेर राहिला पाहिजे. आता उभी राहा, चाल, दोन उठाबशा काढ. नीट बसलेला टॅम्पॉन जाणवत नाही. टोचतोय, अडकल्यासारखं वाटतंय, म्हणजे तो खालीच राहिलाय. तो काढून टाक आणि नवा घे. भीतीने अंग आवळलं जातं आणि वाट आणखी अरुंद होते, म्हणून लांब श्वास सोडत सरकव. आज नाही जमलं तर पॅड लाव आणि उद्या बघ. रडून-कुढून जबरदस्तीने घालायची गोष्ट ही नव्हे.

काढताना दोरा त्याच तिरक्या दिशेने, हळू ओढायचा. कोरडा असला तर अडखळतो. अजून थोडा वेळ ठेव, पण आठ तासांच्या पुढे कधीच नको. रात्री झोपताना पॅडच बरा. आठ तासांची मर्यादा टॉक्सिक शॉक सिंड्रोम या जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजारामुळे आहे. तो दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे. टॅम्पॉन असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग, असं काही झालं तर टॅम्पॉन काढायचा आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. तिथे "टॅम्पॉन वापरला होता" हे सांगायचंच, लाजायचं नाही.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही आत जात नसेल, किंवा आत गेला आणि काढताना जीव जाईल इतकं दुखलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. काही मुलींच्या योनिपटलाला (योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याला) मध्ये पट्टी असते किंवा त्याचं तोंड फार लहान असतं. साध्या उपचाराने ते सुटतं.

कपची तक्रार वेगळी असते: "आत जातो, पण गळतो." याचं कारण बहुधा तो आत गेल्यावर पूर्ण उघडलेला नसतो. बोट कडेने फिरवून बघ, घडी लागते का. लागली तर बुडाला धरून जरासा फिरव. काढताना दांडी ओढू नकोस. बूड चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडव, मग काढ. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर तो उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा. त्यासाठी वेगळं पातेलं ठेव, म्हणजे स्वयंपाकघरात कुणाची कुरकुर नको.

"आई म्हणते, लग्नाआधी असलं काही नको"

आयांनो, तुमची काळजी मला समजते, आणि ती झटकून टाकावी असं मला वाटत नाही. योनिपटल हा बंद पडदा नसतो. त्याला मुळातच तोंड असतं, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर आलंच नसतं. तो ताणला जातो, आणि पोहण्या-पळण्यानेही त्याच्यात फरक पडू शकतो. टॅम्पॉनमुळे कौमार्य जात नाही. कौमार्य पटलावरून कळतच नाही, डॉक्टरांनाही नाही. तरीही मन तयार नसेल तर मुलीवर ओढाताण लादू नका. पहिले दोन दिवस जमिनीवरचा व्यायाम आणि पुढचे दिवस पिरियड कॉश्च्यूम, असं करूनही पाचातले तीन दिवस वाचतात. आणि मुलगी स्वतः "नको" म्हणत असेल तर तिचं नको हे शेवटचं. कोचने यात एका शब्दाने दबाव आणू नये.

"पाण्यात काही होत नाही, बाहेर आल्यावर गळतं"

पाण्याचा दाब बाहेरून असतो म्हणून पाण्यात स्राव मंदावल्यासारखा वाटतो. तो थांबलेला नसतो. शिडीवर अंगाचं वजन परत येतं, खोकला येतो, आणि तेवढ्यात मांडीवर ओघळ येतो. मुली सर्वांत जास्त घाबरतात ती याच क्षणाला.

टॉवेल बाकावर ठेवू नका. ज्या शिडीने बाहेर यायचं तिच्या कठड्यावर, हात लांबवला की मिळेल असा ठेवा, आणि तो गडद रंगाचा असू द्या. गडद निळी हाफ पँट टॉवेलच्या आत गुंडाळून ठेवा. टॅम्पॉनचा दोरा कॉश्च्यूमच्या आत नीट दडवा. तो पाण्याने भिजतो आणि ते पाणी खाली झिरपतं, म्हणून पोहून झाल्यावर टॅम्पॉन बदलायचाच, भरला नसला तरी. पाण्यात उतरण्याच्या अगदी आधी नवा घालून उतरलं तर दीड तासाचं सेशन सहसा कोरडं निघतं. जोराच्या दिवशी मधल्या ब्रेकला बदलायला पाच मिनिटं द्या, आणि कोचने "कुठे चाललीस?" असं सगळ्यांसमोर ओरडून विचारू नये.

"पोटात इतकं दुखतं की टर्नच मारता येत नाही"

बऱ्याच आया म्हणतात, "पहिलं वर्ष काहीच नव्हतं, आता का दुखतं?" पाळी सुरू झाल्यावर सुरुवातीला बीजांड दर महिन्याला बाहेर पडत नाही. ते नियमित पडू लागलं की गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जास्त तयार होतात, त्यांनी स्नायू आवळले जातात आणि दुखणं सुरू होतं. म्हणून हे दुखणं बहुधा वर्षभराने येतं आणि पहिल्या एक-दोन दिवसांपुरतं असतं.

उतरण्याआधी गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेवा. थंड पाण्यात एकदम सूर मारू नका. डेकवर, म्हणजे टँकच्या काठावर, चालणं, हात फिरवणं, मांड्या सैल करणं असा दहा मिनिटांचा वॉर्म-अप घ्या. मग सेट, म्हणजे त्या दिवसाचा ठरलेला सराव, बदला. फ्लिप टर्नमध्ये (भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळताना) अंग पोटात मुडपलं जातं, तिथेच कळ येते. त्या दिवशी उघडा टर्न (भिंतीला हात लावून वळणं) घेऊ द्या, बॅकस्ट्रोक आणि किकबोर्डवर जास्त काम द्या, बटरफ्लाय पुढच्या आठवड्यावर ढकला. पुष्कळ मुलींना वीस मिनिटं सावकाश पोहल्यावर दुखणं उतरलेलं जाणवतं. जिला नाही जाणवत तिला बाहेर येऊ द्या.

गोळीबद्दल. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड त्या रसायनांवरच काम करतं, म्हणून दुखणं शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा सुरू होतानाच घेतलेलं लागू पडतं. पण मात्रा मुलीच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेली हवी, आणि रिकाम्या पोटी कधीच नको. पहाटे पाचच्या सरावाला मुली काही न खाता येतात आणि पर्समधली गोळी पाण्यासोबत गिळतात. त्यांना आधी केळं किंवा दूध-पोळी खायला लावा. मेडिकलमध्ये "पाळीची गोळी" म्हणून जी मिळते, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिडसोबत डायसायक्लोमिन असतं. त्याने काहींचं तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, डोळ्यांपुढे धूसर दिसतं. हे शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा कळू नये. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढली होती. गोळी घेतल्यानंतर पुरळ, ताप, गाठी आल्या तर लगेच डॉक्टर. ॲस्पिरिन या वयात देऊ नका.

गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, तर "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडून देऊ नका.

"नेमकी स्पर्धेच्या दिवशीच तारीख आली"

इथे जरा थांबून लिहिते, कारण सरावात सगळं जमलेल्या मुलीही इथे गडबडतात.

दोन महिने आधी कॅलेंडर काढा. मुलीने तारखा लिहिलेल्या असतील तर साधारण अंदाज येतो, पण पहिली दोन-तीन वर्षं २१ पासून ४५ दिवसांपर्यंत कितीही अंतर असू शकतं. त्यामुळे तारीख जवळ असो वा नसो, सामान बॅगेत असलंच पाहिजे. आणि स्पर्धेच्या दिवशी कोणतीही गोष्ट पहिल्यांदा करायची नाही: नवा टॅम्पॉन नाही, नवा कप नाही, नवी गोळी नाही. टेक सूट (शर्यतीचा अगदी घट्ट स्विमसूट) घालून, आत टॅम्पॉन ठेवून, ब्लॉकवरून स्टार्ट मारायची तालीम सरावातल्या एखाद्या पाळीत झालेली हवी. "डाइव्ह मारताना निसटेल" ही भीती बोलून जात नाही, एकदा मारून पाहिलं की जाते.

वर्ल्ड ॲक्वाटिक्स या पोहण्याच्या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे शर्यतीत अंगावर एकच स्विमसूट चालतो. म्हणजे आत पिरियड पँटी घालून वर टेक सूट, हा मार्ग बंद. जी मुलगी फक्त त्यावर अवलंबून आहे तिच्याशी हे आधीच बोला. स्थानिक स्पर्धेत काय चालेल ते रेफ्रींना आदल्या दिवशी टीम मॅनेजरने विचारावं, मुलीने नव्हे.

आता सकाळ. टेक सूट चढवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि एकदा चढवला की टॉयलेटला जाणं म्हणजे पुन्हा सगळा खटाटोप. म्हणून क्रम असा ठेवा: वॉर्म-अप साध्या कॉश्च्यूममध्ये, मग टॉयलेट, नवा टॅम्पॉन, मग टेक सूट, मग कॉल रूम (शर्यतीआधी हजेरी देण्याची खोली). पाळीत पोट फुगतं आणि एरवी बसणारा सूट काचतो. जवळ एक नंबर मोठा, नेहमीचा सूट असू द्या. सकाळी हीट (प्राथमिक फेरी) आणि संध्याकाळी फायनल असेल तर मधल्या वेळात सूट पूर्ण उतरवायचा आणि टॅम्पॉन बदलायचा. धावपळीत आठ तास कधी उलटून गेले ते कळत नाही, म्हणून मी मोबाइलवर गजर लावून ठेवते.

एक बारीक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. ५० मीटरच्या तलावात ५० मीटरची शर्यत एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला संपते. ब्लॉकमागच्या खुर्चीवर ठेवलेला टॉवेल तिकडेच राहतो. मुलगी पाण्याबाहेर येते तेव्हा समोर पंच, मागे प्रेक्षक आणि अंगावर फक्त सूट. संघातली एखादी मैत्रीण टॉवेल घेऊन शेवटच्या टोकाला उभी पाहिजे. बालेवाडी असो, बेंगळुरूचं बसवनगुडी असो, आधी जाऊन बायकांचं टॉयलेट डेकपासून किती लांब आहे, पाणी येतं का, कडी लागते का, हे मॅनेजरने पाहून ठेवावं.

सागरी शर्यतींचं गणित आणखी वेगळं. डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर राज्यभरातून मुली येतात. नोंदणी, रांगा, आपल्या गटाची वाट पाहणं यात तास जातात, आणि किनाऱ्यावर हवं तेव्हा टॉयलेट मिळत नाही. इथे कप जमत असेल तर तो उत्तम. टॅम्पॉन असेल तर निवासातून निघताना एक, आणि उतरण्याआधी बदलायचा असेल तर दोन मोठे पंचे आणि दोन मैत्रिणी यांचा आडोसा, सोबत हात पुसायला ओले टिश्यू. वापरलेला टॅम्पॉन कागदात गुंडाळून पिशवीत परत आणायचा.

"पाळी पुढे ढकलायची गोळी देऊ का?" पूजेला, लग्नाला घेतात तशीच ही नॉरएथिस्टेरॉनची गोळी मुलीला द्यायला घरचे सहज तयार होतात. मेडिकलमधून परस्पर घेऊन कृपा करून देऊ नका. ही हार्मोनची गोळी आहे, घरात रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा अर्धशिशीचा इतिहास असेल तर धोका वाढतो, काहींना मळमळ आणि अंग जड होतं, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. चार दिवसांच्या स्पर्धेत चुकीच्या दिवशी थांबवली तर फायनललाच येईल. फार महत्त्वाची स्पर्धा असेल तर दोन-तीन महिने आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, आणि आधी एका साध्या महिन्यात शरीराला ती मानवते का ते पाहा.

राष्ट्रीय पातळीवर उत्तेजक चाचणी अल्पवयीन मुलींचीही होऊ शकते. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल, मेफेनॅमिक ॲसिड यांवर बंदी नाही. नॉरएथिस्टेरॉनवरही नाही, पण त्याचे अंश चाचणीत दिसू शकतात, म्हणून चाचणीच्या फॉर्मवर ते लिहायलाच हवं. खरा सापळा वेगळा आहे. पीसीओएस या हार्मोनच्या विकारात चेहऱ्यावरची लव किंवा मुरुमं कमी व्हावीत म्हणून त्वचेचे डॉक्टर कधी कधी स्पायरोनोलॅक्टोन देतात. ते वर्षभर, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, बंदी असलेल्या यादीत आहे. मुलगी खेळाडू आहे हे प्रत्येक डॉक्टरांना सांगा.

"पाळीत टाइम पडतो"

२०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरी अगदी किंचित घसरते, असं दिसलं. आणि मुलीमुलींत फरक खूप होता. म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नका, तिच्या वहीत तारीख आणि टाइम शेजारी लिहा. तीन-चार महिन्यांत तिचं तिला कळतं.

जर टाइम पाळीतच नव्हे, महिनाभर पडतोय, जिने चढताना धाप लागतेय, डोळ्यांच्या खालची कड पांढुरकी दिसतेय, तर रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणीही करा. हिमोग्लोबिन बारा असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. चवळी, मटकी, अळीव, हिरव्या पालेभाज्या यांवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा देऊ नका, घरात चालत असेल तर मटण-अंडी द्या. गुळावर फार भिस्त नको. साठा खालावला असेल तर डॉक्टरांच्या गोळ्याच लागतात.

स्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालतो, तासा-दोन तासाला पॅड भरतो, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात, तर तो जास्त स्राव आहे. अशा काही मुलींमध्ये रक्त गोठण्याचा जन्मजात दोष निघतो आणि घरात "आमच्याकडे सगळ्यांनाच असं" म्हणून तो पिढ्यान्पिढ्या लपून राहतो. तपासून घ्या.

"आमचे सर पुरुष आहेत, त्यांना कसं सांगायचं?"

बहुतेक टँकवर सरच असतात, आणि त्यांतले कितीतरी मनापासून मदत करू इच्छितात; त्यांना कुठून सुरुवात करावी तेवढं कळत नाही. सर, तुम्ही मुलीला एकटीला बाजूला घेऊन पाळीबद्दल विचारू नका. सीझनच्या सुरुवातीला पालकांसमोर, सगळ्या गटाला एकदा सांगा: "कुणालाही कुठल्याही दिवशी हलका सेट हवा असेल तर 'सर, आज हलका' एवढंच म्हणायचं. मी कारण विचारणार नाही." आणि खरंच विचारू नका. पुढचं बोलणं एखाद्या आईकडे किंवा महिला सहाय्यकाकडे सोपवा.

दुसरं काम डब्याचं. मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीत एक स्टीलचा डबा ठेवा, कुलूप न लावता. आमच्या डब्यात पॅड, लाइट टॅम्पॉन, काळ्या सुती पँटी दोन मापांच्या, कागदी पिशव्या, कापलेली वर्तमानपत्रं, ओले टिश्यू आणि राजगिऱ्याच्या चिक्क्या असतात. जिला लागेल तिने घ्यायचं, कुणाला विचारायचं नाही, परत आणून द्यायचं नाही. महिन्यातून एकदा एक आई तो भरते. हा डबा आल्यावर लहान मुलींनी मोठ्या मुलींना प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मला सांगावं लागण्याआधीच निम्मं त्या एकमेकींना शिकवू लागल्या.

आणि सगळ्यांसमोर वजनकाटा बंद करा. पाळीआधी अंगात पाणी साचून वजन किलोभर वाढू शकतं. ते वाचून दाखवल्यावर मुलगी जेवण कमी करते, आणि त्यातून पुढची अडचण उभी राहते.

"तीन महिने पाळीच नाही, बरंच झालं की"

नाही, बरं नाही झालं. जोरदार सराव आणि त्या मानाने कमी खाणं असलं की शरीर आधी पाळी बंद करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा अपुरी पडणं) असं नाव दिलंय. पाळीसोबत हाडांची घनता, प्रतिकारशक्ती, सरावानंतर भरून निघणं, सगळंच मंदावतं. पोहण्यात हाडांवर वजन पडत नसल्याने ती पळणाऱ्या मुलींसारखी आपोआप मजबूतही होत नाहीत, आणि हाडं भरायचं वय हेच असतं.

पाळी सुरू होऊन नंतर तीन महिने आली नाही, किंवा पंधरावं वर्ष संपलं तरी पहिली पाळीच आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि शक्य असेल तर क्रीडावैद्यक जाणणारे डॉक्टर, दोघांना दाखवा. तोपर्यंत सरावाआधी आणि सरावानंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात जाईल हे बघा: डबा भरून पोहे, अंडं-पोळी, दूध-केळं, काहीही. सराव किती कमी करायचा ते डॉक्टरांना ठरवू द्या, कोच आणि पालकांनी आपसात नको. जाताना मुलीची तारखांची वही, ती घेत असलेल्या प्रत्येक गोळी-पावडरीचं पाकीट आणि आठवड्याच्या सरावाचं वेळापत्रक सोबत न्या, आणि आत गेल्यावर थोडा वेळ तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या.